कुत्रा, कोंबड्या आणि शेजार

अगं, आधी तो सोसायटीचा कागद बाजूला ठेव आणि चहा घे. नवं घर, अजून न उघडलेली खोकी, लेकाची नवी शाळा, त्याने हट्टाने आणलेलं कुत्र्याचं पिल्लू आणि सासूबाईंनी गावाकडून आणायच्या ठरवलेल्या कोंबड्या. एवढ्यावर ‘सोसायटीच्या आवारात प्राणी पाळण्यास सक्त मनाई आहे’ अशी नोटीस आली की कुणाचीही झोप उडेल. पण तुला मी ओळखते. एकदा कागदपत्रं नीट लावलीस आणि कुणाशी काय बोलायचं ते ठरवलंस की हे तू हळूहळू मार्गी लावशील.

पिल्लाचं आधी सांगते, कारण त्यात तुझी बाजू भक्कम आहे. सोसायटीला कुत्रा-मांजर पाळण्यावर सरसकट बंदी घालताच येत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली गृहनिर्माण सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हे स्पष्ट लिहिलंय. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी तो चालत नाही. कुत्रा मोठ्या जातीचा आहे, भुंकतो, एवढ्यावरून त्याला घराबाहेर काढायला सांगता येत नाही. लिफ्ट असेल तर ती वापरायलाही मनाई करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ साली असे बंदीचे नियम बेकायदा ठरवले. शिवाय आपल्या घटनेतच, कलम ५१-अ मध्ये, प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितलंय. तेव्हा ‘पिल्लू काढून टाका नाहीतर घर सोडा’ असं कुणी म्हणालं तर घाबरू नकोस.

पण खरं सांगू का? या सूचनांचा कागद हातात धरून सेक्रेटरींच्या दारात भांडायला जाऊ नकोस. तुला तिथे पुढची वीस वर्षं राहायचंय गं. नियम तुझ्या बाजूने आहे म्हणून शेजार तुझ्या बाजूने होत नाही. आणि त्या नोटिशीमागे बहुतेक वेळा एखादी साधी तक्रार असते. जिन्यात घाण झाली, कुणाची आई कुत्र्याला घाबरते, रात्री भुंकण्याने कुणाचं तान्हं उठतं. ती तक्रार कुणाची आणि नेमकी काय, हे आधी शोधून काढ. निम्मं काम तिथेच होईल.

आता तुझी जबाबदारी. आवारात पिल्लाला साखळीशिवाय सोडायचं नाही, अगदी ‘काही करत नाही हो तो’ असलं तरी. फिरायला जाताना पिशवीत जुनं वर्तमानपत्र ठेवायचं, घाण केली की तिथल्या तिथे उचलायची. उघड्यावर घाण टाकली तर महापालिका दंड करते, आणि शेजाऱ्यांचा राग दंडापेक्षा जास्त टिकतो. पिल्लाने कुणाला इजा करू नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाहीस, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तुला भीती घालत नाहीये. पट्टा आणि साखळी चांगल्या प्रतीची घे, एवढंच सांगतेय.

आणि परवाना. तो काढायचा हेच बरेच जण विसरतात. पुण्यात पाळीव कुत्र्याची महापालिकेकडे नोंदणी करावी लागते, आणि २०२२ पासून मांजराचीही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घे, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, पुढे दरवर्षी. लसीच्या पुस्तिकेवर तारीख, लसीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही-शिक्का आहे ना, ते दवाखान्यातून निघण्याआधीच बघ. त्या दाखल्याशिवाय नोंदणी होत नाही. एक प्लॅस्टिकची फाइल कर. लसीचा दाखला, परवाना, पिल्लाचा फोटो, तुझ्या पत्त्याचा पुरावा, सगळं तिच्यात ठेव. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून ज्या घरात कुत्रा आहे तिथल्या पोरांनाही शिकवून ठेव. कुणाचाही कुत्रा चावला, नुसता ओरखडा आला तरी घरी सांगायचं, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. सासूबाईंनाही हे प्रेमाने सांग.

गेटजवळच्या भटक्या कुत्र्यांना तू भाकरी घालतेस, त्यावरही कुरकुर असेल. तुझं मन मला कळतं. पण प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे खाऊ घालायची जागा जिन्यापासून, प्रवेशद्वारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर हवी, आणि वेळही लहान मुलं-म्हातारी माणसं येत-जात नाहीत अशी हवी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यावर कुठेही खायला न घालता प्रत्येक वॉर्डात त्यासाठी वेगळ्या जागा ठरवायला सांगितलं. तेव्हा गेटवरचं बंद कर, जागा ठरवून घे, तिथेच घाल.

आता कोंबड्या. इथे जरा सावकाश ऐक, कारण इथे तुझी बाजू कुत्र्याइतकी पक्की नाही.

त्या मार्गदर्शक सूचना मुख्यतः कुत्रा-मांजर डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या आहेत. परसातल्या कोंबड्यांचं गणित वेगळं असतं. गाई-म्हशींसाठी महाराष्ट्रात १९७६ पासून शहरी भागातल्या गुरांचा वेगळा कायदा आहे, त्यात परवाना लागतो. कोंबडीला महापालिका मुख्यतः एकाच प्रश्नाने तोलते, तुझ्या पाळण्याने कुणाला उपद्रव होतो का? वास, माश्या, उंदीर, आवाज. तक्रार गेली की आरोग्य निरीक्षक येतो आणि हेच बघतो. प्रकरण फारच वाढलं तर सार्वजनिक उपद्रव म्हणून दंडाधिकाऱ्यांपर्यंत जाऊ शकतं. म्हणून दोन गोष्टी आधी कर. एक, तुझ्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन आरोग्य विभागात सरळ विचार, ‘घरच्या अंड्यांपुरत्या चार कोंबड्या ठेवायच्या आहेत, काही अट आहे का?’ प्रत्येक शहराचे, नगरपालिकेचे उपविधी वेगळे असतात. तुझ्या नणंदेला साताऱ्यात चाललं म्हणून तुला इथे चालेलच असं नाही. दोन, तुझी मागची जागा खरेदीखतात तुझ्या नावावर आहे की सोसायटीची सामाईक, ते बघ. सामाईक जागेत खुराडं टाकलंस तर कुणीही काढायला लावेल, आणि त्यांचं चूकही नसेल.

आणि बघ, चारच. सासूबाई बारा म्हणतील. गावाकडे उकिरडा आहे, शेत आहे, कोंबड्या दिवसभर चरून येतात. इथे दहा बाय बाराचं परस आहे आणि पलीकडे कुणाची तरी बेडरूम. गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ-सत्तर अंडी देते, म्हणजे चार कोंबड्यांची आठवड्याला पाचेक अंडी होतात. जास्त हवी असतील तर गिरिराज किंवा वनराज घे, त्या वर्षाला शंभरच्या वर देतात. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्राची. दोन्ही परसात पाळायलाच तयार केलेल्या जाती. पिल्लं बाजारातल्या टोपलीवाल्याकडून घेऊ नकोस. पुण्यात पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे चौकशी कर. कुठूनही घेतलीस तरी ‘लसीकरण काय काय झालंय’ हे विचारूनच घे. दिवसाचं पिल्लू नको घेऊस गं, त्याला बल्बची ऊब द्यावी लागते, रात्रीतून दोनदा उठावं लागतं आणि तू आत्ताच थकलेली आहेस. अंड्यावर येत आलेल्या तलंगाच घे.

कोंबडा आणायचा नाही. यावर माझ्याशी वाद घालू नकोस. सासूबाई म्हणतील, कोंबड्याशिवाय अंडी कशी येणार? त्यांना शांतपणे सांग की अंडी कोंबडीच देते, कोंबडा फक्त पिल्लं व्हायला लागतो. चार कोंबड्या कोंबड्यावाचून तितकीच अंडी देतात, फक्त ती उबत नाहीत. आणि पहाटे चारला आरवणाऱ्या कोंबड्याचं स्पष्टीकरण तुला कुणालाच देता येणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरतात आणि निवासी भागात त्या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती मोजायला कुणी येणार नाही, पण पलीकडच्या काकांनी तक्रार केली तर तुझ्याकडे उत्तर नसेल. तलंगांमध्ये चुकून एक कोंबडा निघालाच तर लगेच गावाला पाठवून दे. लेकाने त्याला नाव ठेवायच्या आत.

खुराड्याचं नीट मनावर घे. सगळी भांडणं तिथून सुरू होतात. जमिनीपासून दोन फूट उंच, लाकडी किंवा लोखंडी पायांवर, शेजाऱ्यांच्या खिडकीपासून जितकं लांब जमेल तितकं. एका कोंबडीला आत दोन चौरस फूट तरी जागा हवी आणि बाहेर फिरायला त्याहून जास्त. जाळी अर्ध्या इंचाची घे, त्यापेक्षा मोठ्या भोकाची नको. शहरात कोल्हा येत नाही, पण घूस येते, बोका येतो आणि टेकडीजवळ राहतेस म्हणून मुंगूसही. कडी दुहेरी लाव. संध्याकाळी अंधारायला लागलं की कोंबड्या आपणहून आत जाऊन बसतात, तेवढं दार रोज न चुकता लावायचं काम लेकाला दे. रोज. त्याला घरात जनावरं हवीत ना, मग काम त्याचं.

आत तळाला भाताचं तूस चार बोटं जाड पसर. विष्ठा त्यात मुरते, वास येत नाही. आठवड्यातून एकदा खुरप्याने वरखाली कर, जिथे ओलं झालंय तेवढं तूस काढून टाक आणि कोरडं घाल. अधूनमधून थोडी चुन्याची भुकटी भुरभुरव. हात आत घालून मूठभर तूस दाबून बघ. हातात त्याचा गोळा झाला तर फार ओलं आहे, भुरभुर सुटलं तर ठीक. एवढी एक परीक्षा रोज करायची, दुसरं काही नको. पावसाळ्यात मात्र डोळ्यात तेल घालून बघ गं. पाणी आत शिरलं की दोन दिवसांत डोळे झोंबतील असा अमोनियाचा भपका सुटतो, माश्या होतात आणि कोंबड्यांना रक्ती हगवण लागते. छतावर पत्रा आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री मे महिन्यातच बांधून घे. पाण्याचं भांडं विटेवर ठेव म्हणजे त्या ते सांडत नाहीत.

खाद्य झाकणाच्या डब्यात ठेव. संध्याकाळी उरलेलं खाद्य उचलून घ्यायचं, रात्री तिथे राहू द्यायचं नाही. उंदीर तुझ्या कोंबड्यांसाठी येत नाहीत, त्या सांडलेल्या दाण्यांसाठी येतात. आणि एकदा उंदीर आले की त्यांच्यामागे साप येतो. शिळा भात, भाजीची देठं घालायला हरकत नाही, पण मिठाचं, तिखटाचं, बुरशी आलेलं नको. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेव, नाहीतर अंड्याचं कवच पातळ होतं. काढलेलं तूस लगेच गुलाबाला घालू नकोस, ताजं खत मुळं जाळतं. कोपऱ्यात खड्डा करून दोन-तीन महिने मुरू दे. मग बघ कढीपत्ता कसा फुटतो ते!

अंडी गोळा केल्यावर, खुराड्यात हात घातल्यावर साबणाने हात धुवायचे. हे मुलांना रोज सांगावं लागतं, न कंटाळता सांग. पिल्लाला कोंबड्यांजवळ मोकळं सोडायचं नाही, महिनाभर तरी साखळीला धरूनच त्यांची ओळख करून दे. आणि एखादी कोंबडी खुडूक बसली तर घाबरून जाऊ नकोस. अंड्यांवरून हलत नाही, फुगून बसते, चोच मारते, तो आजार नाही. रोज अंडी काढून घे, तिला दिवसा खुराड्याबाहेर ठेव, काही दिवसांत ती ठिकाणावर येते.

खऱ्या आजाराचं मात्र वेगळं. राणीखेत, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, त्यात मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते आणि पटापट पक्षी जातात. याची लस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर दे. बर्ड फ्लू तर आपल्याच राज्यात देशात पहिल्यांदा सापडला होता, २००६ साली नवापुरात. २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला तो पुन्हा आला. तेव्हा एक अट मनाशी पक्की कर. एकापाठोपाठ दोन कोंबड्या मेल्या, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर लपवायचं नाही, मेलेला पक्षी कचऱ्यात टाकायचा नाही, उघड्या हाताने उचलायचा नाही. लगेच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवायचं. २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने ते मालकाचं कर्तव्यच आहे. लागण ठरली तर एक किलोमीटरच्या परिसरातल्या सगळ्या कोंबड्या मारतात, तुझ्या धडधाकट असल्या तरी. हे दुःखाचं आहे आणि लेकाला समजवायला अवघड जाईल. पण आपण लपवलं तर शेजारच्या वस्तीतल्या माणसाचा पोटापाण्याचा धंदा बुडतो.

हो, लेक पोपटही मागतोय म्हणालीस ना? त्याला सरळ नाही म्हण. आपला हिरवा पोपट, मुनिया, चांदणी कासव, खार, हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, मग कुणी कितीही ‘पाळीवच आहे हो’ म्हणत विकू दे. पक्षी हवाच असेल तर बजरीगर किंवा लव्हबर्ड. पण माझं ऐकशील तर या वर्षी पिल्लू आणि कोंबड्याच पुरे.

आता नोटिशीला उत्तर. तोंडी देऊ नकोस, छोटं पत्र लिही. त्यात भांडणाचा एकही शब्द नको. ‘पिल्लाला लस दिली आहे, परवान्यासाठी अर्ज केला आहे, आवारात साखळीने फिरवतो, घाण आम्ही उचलतो. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांची प्रत सोबत जोडली आहे. काही अडचण असल्यास मला थेट फोन करावा.’ खाली तुझा नंबर. दोन प्रती काढ, एकीवर पोचपावतीची सही घे आणि ती फाइलमध्ये ठेव. कोंबड्यांचा उल्लेख या पत्रात करू नकोस. तो विषय वेगळा आहे आणि तो आधी शेजाऱ्यांशी घरी जाऊन बोलायचा. डाव्या-उजव्या दोन घरांत जा, मागच्या घरात जा, खुराडं कुठे ठेवणार ते गच्चीवरून दाखव, ‘वास आला तर मला आधी सांगा’ असं म्हण. पलीकडच्या आजी गावाकडच्या आहेत म्हणालीस ना? त्यांना विचार, कोंबड्या कशा ठेवाव्यात. त्यांना सगळं ठाऊक असेल आणि कुणी विचारलं याचं समाधानही वाटेल. पहिली चार अंडी त्यांच्या घरी दे. हे लाच म्हणून करू नकोस हं, मनापासून कर.

त्यातलं एखादं घर खरंच नाही म्हणालं, कुणाला दमा असेल, पिसांची ॲलर्जी असेल, तर कोंबड्या नको आणूस. सासूबाईंना वाईट वाटेल, त्यांना कुंड्यांमध्ये कोथिंबीर-मेथी लावून दे. पण कुत्र्यावरून कुणी कितीही दबाव आणला तरी त्याला कुठेतरी सोडून यायचं नाही. उपासमारीने, तहानेने हाल होतील अशा ठिकाणी जनावर टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. एकदा घरात आणलं की ते आपलं.

सगळं एका दिवसात करायला जाऊ नकोस. या आठवड्यात फक्त लस आणि परवान्याचा अर्ज. पुढच्या आठवड्यात पत्र. कोंबड्या दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण उघडल्यावर. तोवर सासूबाईंना घेऊन खुराड्याचं माप काढून ठेव, आणि काही अडलं तर मला रात्री दहाच्या आत फोन कर.